उद्याचं गाव रचताना: विदर्भातल्या नव्या विज्ञानकथालेखकांसाठी

युटोपिया म्हणजे सगळं नीट लागलेला, सुखी समाज. डिस्टोपिया म्हणजे नीट लावण्याच्या नावाखाली माणूस चिरडणारा समाज. आधुनिक विज्ञानकथेत या दोन्हींवर अफाट लेखन झालं आहे आणि नव्या लेखकाचा पहिला हात बहुतेक याच विषयावर चालतो. मग काचेचा घुमट, उडत्या गाड्या, काळ्या गणवेशातले शिपाई आणि एक हुकूमशहा कागदावर उतरतात. कथा कुठंही घडू शकते, त्यामुळे ती कुठंच घडत नाही.

यवतमाळ, वर्धा किंवा गडचिरोलीच्या खेड्यात बसून लिहिणाऱ्याला हे उसनं सामान लागत नाही. आदर्श समाजाचे खरे प्रयोग याच मातीत झाले आहेत. पाणी, बियाणं, वीज आणि कर्ज यांतून माणसावर ताबा कसा बसतो, हेही इथल्या वाचकाला सांगावं लागत नाही. सुमारे तीन हजार शब्दांची पहिली कथा लिहायला घेतलेल्यांसाठी हा क्रम आहे. पायऱ्या शक्यतो याच ओळीनं घ्या. उलट केल्या तर कुठं अडतं, तेही जागोजागी दिलं आहे.

पायरी १: आधी वाचन, पण मोजकं

सुरुवात रुकय्या सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’पासून करा. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये आलेली ही छोटी इंग्रजी कथा एका बैठकीत वाचून होते. तिच्यातल्या देशात पुरुष घरात आणि बायका कारभारात आहेत. शेती, स्वयंपाक, लढाई सगळं सूर्याची उष्णता आणि ढगांतून ओढलेलं पाणी यांवर चालतं. वाचताना एकच गोष्ट पाहा: लेखिकेनं फक्त एक नियम उलटा केला आहे, बाकी सगळं त्यातून आपोआप निघत जातं.

नंतर अर्सुला ले ग्विन यांची १९७३ ची ओमेलास शहराची कथा वाचा. हीही लहानच आहे. सुखी शहराच्या तळघरात एक मूल कोंडलेलं असतं आणि सगळ्यांचं सुख त्याच्या हालांवर उभं असतं. शहरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. मग ऑर्वेलची १९४९ ची ‘नाइन्टीन एटी-फोर’ घ्या. त्यात टेलिस्क्रीन म्हणजे पाळत ठेवणाऱ्या पडद्यापेक्षा रेशनकडे लक्ष द्या. चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर येतं आणि लगेच ते ‘वाढवून’ २० केल्याबद्दल आभाराच्या मिरवणुका निघतात. सत्ता कशी चालते हे अख्ख्या प्रकरणापेक्षा या एका आकड्यात जास्त कळतं.

चौथं वाचन ले ग्विन यांचंच, १९७४ ची ‘द डिस्पझेस्ड’ ही कादंबरी. अनारेस या कोरड्या चंद्रावर पैसा नाही, कायदा नाही, मालकी नाही. घाणीची, जड कामं सगळे आळीपाळीनं करतात. तरीही तिथं ‘लोक काय म्हणतील’ हीच हळूहळू सत्ता होऊन बसते. खेड्यातल्या लेखकाला सगळ्यात जास्त उपयोगाचं पुस्तक आम्ही हेच मानतो. भारतीय उदाहरण म्हणून प्रयाग अकबर यांची २०१७ ची ‘लैला’ वाचावी. त्यातलं शहर जातीधर्मानुसार भिंती घालून वाटलेलं आहे.

मराठीत जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथा वाचा. विज्ञान मराठी वाक्यात कसं बसवायचं, हे तिथंच शिकायला मिळतं.

आणि तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’. १९५५ सालच्या या एक्केचाळीस अध्यायांच्या ग्रंथाला कोणी विज्ञानकथा म्हणणार नाही. पण गावाचं रक्षण, सफाई, आरोग्य, शिक्षण, उद्योग असं एकेक अंग घेऊन अख्खं गाव कागदावर रचायचं कसं, याचा एवढा तपशीलवार नमुना तुमच्या कपाटात आधीच असेल. अध्यायांची नुसती नावं वहीत उतरवा. समाज रचताना कोणती अंगं सुटतात, हे त्या यादीशी ताडून पाहता येतं.

पायरी २: एकच बदल निवडा

एका कथेत एकच मोठा बदल. दोन घेतले की वाचकाला कोणती गोष्ट कशामुळे झाली ते कळत नाही आणि लेखकाचाही धागा सुटतो. बदल असा हवा, की तो चुलीपर्यंत पोचेल. ‘देशात लष्करी राजवट आली’ हा बदल खेड्यातल्या कथेला फार लांबचा आहे. ‘घरचं बियाणं पेरणं हा गुन्हा झाला’ हा बदल पहिल्या पावसाच्या दिवशी प्रत्येक घरात शिरतो.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी हेच उदाहरण धरू. आधी आजची वस्तुस्थिती पक्की करा, कारण भविष्य तिच्यावरच उभं राहणार. बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. तो संकरित वाणांमध्ये आला, त्यामुळे घरची सरकी पेरली तर पुढची पिढी एकसारखी येत नाही आणि दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं. दुसऱ्या पिढीत उगवणारच नाही असं बी बनवण्याच्या तंत्राला अमेरिकेत १९९८ साली पेटंट मिळालं, पण ते बी बाजारात आलं नाही. शेतकऱ्यानं आपलं बी राखावं, दुसऱ्याला द्यावं, ब्रँडचं नाव न लावता विकावं, हा हक्क भारताच्या २००१ च्या पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायद्यात लिहिलेला आहे. तुमचा बदल असा: २०६१ साली हा हक्क उरलेला नाही. बी एका द्रावणात भिजवल्याशिवाय उगवत नाही आणि ते द्रावण अंगठा लावल्यावरच मिळतं.

इथं नवखे लोक तंत्रज्ञान समजावण्यात दोन पानं घालतात. एक परिच्छेद पुरे. रसायनाचं नाव देऊ नका. चुकीचं दिलं तर जाणकार वाचक तिथंच थांबतो, बरोबर दिलं तरी कथेला काही मिळत नाही.

पायरी ३: बदलाला प्रश्न विचारा, उत्तरं वहीत लिहा

कथेचा खरा जन्म इथं होतो, म्हणून या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

पहिला प्रश्न: या बदलानं कोणाचं खरोखर भलं झालं? हा प्रश्न टाळला की डिस्टोपिया पोकळ होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. गुलाबी बोंडअळीनं उभी पऱ्हाटी खाल्ली. तुमच्या २०६१ मधल्या बियाण्याला अळी लागतच नाही आणि फवारणीचा पंप अडगळीत गेला आहे, असं धरा. ज्या बाईचा नवरा फवारणीत गेला, ती या व्यवस्थेच्या बाजूनं मनापासून बोलेल. तिचं बोलणं खोडून काढू नका. हक्स्लेच्या १९३२ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये लोक सोमाची गोळी खाऊन सुखीच असतात आणि म्हणून तो समाज मोडणं एवढं अवघड जातं.

दुसरा: अंगठा कोणाचा लागतो? सातबाऱ्यावर नाव असेल त्याचा. मग मक्त्यानं, बटईनं वाहणाऱ्याचं काय? शेत कसते ती बाई, सातबारा सासऱ्याच्या नावावर, सासरा पुण्याला मुलाकडे. कथेचं पहिलं संकट इथंच तयार झालं.

तिसरा: अंगठा लागला नाही तर? मजुरीनं, वेचणीनं बोटं घासून रेषा पुसट होतात आणि मशीन ओळखत नाही. रेशन दुकानात हे लोक आजच भोगतात. त्यामुळे हा प्रसंग लिहायला कल्पनेची गरज फार थोडी आहे.

चौथा: पाऊस लांबला तर? जागवलेलं, म्हणजे द्रावण लावलेलं बी सहा दिवसांत मातीत पडलं नाही तर मरतं, असा नियम करा. मृगाचा पाऊस येऊन गेला, गावानं बी जागवलं, पेरलं आणि पुढं पंधरा दिवस खंड पडला. दुबार पेरणीसाठी दुसऱ्यांदा द्रावण कोण देणार, कोणत्या भावानं? विदर्भातला वाचक हे वाचून दचकेल, कारण दुबार पेरणी त्याला ठाऊक आहे.

पाचवा: चोरबाजार कुठं आहे? जिथं बंदी तिथं वाट निघतेच. मान्यता नसलेल्या बियाण्याला लोक आजही ‘चोर बीटी’ म्हणतात. २०६१ मध्ये चोरीचं बी कदाचित आजीच्या गाडग्यातलं गावठी वाण असेल. ते कोण आणतं, कशात लपवतं, पकडलं तर काय होतं, हे ठरवा.

सहावा: खबर कोण देतं? कॅमेरा सगळ्यात शेवटी आठवा. खेड्यात पाळत ठेवायला पार पुरतो, बचत गटाची साप्ताहिक वसुली पुरते, शेजारच्या धुऱ्यावरचा माणूस पुरतो. झाम्यातिनच्या ‘वी’ या कादंबरीत घरं काचेची आहेत. आपल्याकडे घर मातीचं असलं तरी गावाला सगळं दिसतं.

अशी उत्तरं चार-पाच पानं भरतील. त्यातली जास्तीत जास्त चौथाई कथेत येईल. उरलेली पानं वाया गेली असं समजू नका, पात्रांच्या बोलण्यात ती आपोआप उतरतात.

पायरी ४: त्याच बदलाचा युटोपिया करून पाहा

तुम्हाला डिस्टोपियाच लिहायचा असला तरी ही पायरी गाळू नका. उलट बाजू न पाहिल्यानं एकसुरी झालेल्या कथा फार असतात.

समजा गावानं ठरवलं, की बी गावाचं. ग्रामसभेची बीजपेढी निघाली. एक पायली नेली तर पुढच्या वर्षी सव्वा पायली परत करायची. संकरित सोडून सरळ वाण घेतलं, म्हणजे घरचं बी चालतं. छान वाटतं. आता किंमत मांडा. उतारा कदाचित कमी येईल. ज्याच्यावर कर्ज आहे, त्याला एक वर्षही कमी उतारा परवडत नाही. शिवाय वाण शुद्ध राखायचं तर भोवतालच्या दुसऱ्या कपाशीपासून अंतर लागतं. सरळ वाणाच्या प्रमाणित बियाण्यासाठी ते ३० मीटर धरतात. गावातल्या एकानं बियाण्याच्या प्लॉटला लागूनच संकरित लावायचं ठरवलं तर त्याला अडवायचं का? कोणी आणि कोणत्या हक्कानं? युटोपियाचं नाट्य या तीस मीटरात आहे.

गावाचा कारभार सर्वसहमतीनं कसा चालतो, हे पाहायला गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. तिथं बहुमतानं निर्णय होत नाहीत, सगळ्यांची संमती लागते. लेखकानं यातून उचलायची गोष्ट म्हणजे वेळ. सर्वसहमतीला बैठकांमागून बैठका लागतात. पेरणी मात्र पाच दिवसांत करावी लागते. ही ओढाताण कथेत आणा.

पवनारचं ब्रह्मविद्या मंदिर विनोबांनी १९५९ साली स्त्रियांसाठी सुरू केलं. शरीरश्रम आणि सामूहिक निर्णय यांवर चालणारं ते एक छोटं जग आहे. सेवाग्रामला गांधी १९३६ साली आले आणि शेगावचं ‘सेवाग्राम’ १९४० साली झालं. या जागा एकदा जाऊन पाहा. भिंती, चुली, संडास, विहीर, कामाच्या पाळ्या यांच्या नोंदी करा. तत्त्वज्ञान पुस्तकात मिळेल. सकाळी झाडू कोण मारतं ते तिथंच दिसतं.

जात कुठं गेली?

हा प्रश्न पायऱ्यांत बसत नाही, म्हणून वेगळा.

खेड्यातला युटोपिया लिहिताना नव्या लेखकांकडून जात नुसती नाहीशी होते. २०८० साल, सगळे समान, विषय संपला. वाचक यावर विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना स्पष्ट सुनावलं होतं: खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा. गांधींचं स्वप्न खेड्याभोवती फिरतं. सेवाग्राम आणि नागपूरची दीक्षाभूमी यांच्यात शंभर किलोमीटरसुद्धा अंतर नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी दीक्षाभूमीवर नव्या समाजाची दीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा केल्या. आदर्श समाजाबद्दलचे भारतातले दोन सगळ्यात ताकदवान विचार तुमच्या एसटीच्या टप्प्यात आहेत. विदर्भातला लेखक त्यांना टाळून युटोपिया लिहू शकत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

व्यवहारात काय करायचं? गावाचा नकाशा काढा. वस्त्या, विहिरी, मसणवट, देऊळ, विहार, शाळा, टाकी दाखवा. मग २०६१ चा नकाशा त्याच्यावर काढा. कोणती वस्ती हलली? पाण्याची पाइपलाइन कोणत्या टोकाला संपते? मेलेलं जनावर कोण ओढतं? सतराव्या शतकाच्याही आधी, १५१६ मध्ये, टॉमस मोरनं ‘युटोपिया’ लिहिली. तिथं सगळे दिवसाला सहा तास काम करतात, पण कत्तलीसारखी कामं गुलामांकडे आहेत. घाण काम कोणाकडे दिलं, यावरून रचलेल्या समाजाची परीक्षा होते. काम यंत्राकडे दिलं असेल तर यंत्र बिघडल्यावर हाक कोणाला मारतात, तेही लिहा.

पायरी ५: आकडे आणि हवामान तपासा

आकडा चुकला की विज्ञानकथा कोसळते. मोजायला आजचे आकडे हाताशी ठेवा. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी. तुमच्या कथेतलं सरकार १५ लिटर देत असेल तर काय काय बंद होईल, ते एकेक लिटर मांडून पाहा. आंघोळ, भांडी, जनावर, कूलर. मोठा कूलर तासाला ५ ते १० लिटर पाणी सहज ओढतो, म्हणजे १५ लिटरच्या गावात कूलर हीच श्रीमंती. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या १९९३ च्या कादंबरीत पाणी पेट्रोलपेक्षा महाग आहे. एवढ्या एका भावावरून अख्खा काळ उभा राहतो.

उष्णतेबद्दल फार चुका होतात. ‘तापमान ५५ अंशांवर गेलं’ लिहिलं की भीती वाटेल असं लेखकाला वाटतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरीच्या माणसाला ४६-४७ अंश नवे नाहीत. शरीराला खरा धोका उष्णता आणि दमटपणा एकत्र आल्यावर असतो, आणि तो वेट बल्ब तापमानात मोजतात. थर्मामीटरच्या बुडाला ओलं सुती फडकं गुंडाळून पंख्याच्या वाऱ्यात धरलं की साधारण तो आकडा मिळतो. हवेचं तापमान ४५ आणि आर्द्रता २० टक्के असेल तर वेट बल्ब २६ च्या आसपास येतं. त्याच ४५ ला आर्द्रता ५० टक्के झाली तर ते ३५ वर जातं. ३५ ला घाम सुकून अंग थंड होणं थांबतं आणि धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो. नंतरच्या प्रयोगांत ही मर्यादा प्रत्यक्षात त्याच्याही खाली दिसली आहे. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची २०२० ची कादंबरी उत्तर प्रदेशातल्या अशाच एका लाटेनं सुरू होते.

आपल्याकडची मेची उष्णता कोरडी असते, म्हणून कूलर चालतो. जूनमध्ये ढग येतात, पाऊस येत नाही, हवा दमटते आणि तोच कूलर निकामी होतो. भविष्यातली जीवघेणी लाट लिहायची असेल तर ती मेच्या मध्यात न टाकता मृगाच्या तोंडावर टाका. माणसं पेरणीच्या घाईत शेतात असतात, तेव्हाच.

प्रदेशही सांभाळा. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट आहे, तिथं ‘बोअर मारली आणि गाव वाचलं’ हे चालणार नाही. भंडारा-गोंदियात धान आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, तिथं कापसाची कथा नेऊ नका. वरुड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा वेगळा, गडचिरोलीचं जंगल वेगळं. आणि कापसाचा हिशेब करायचा असेल तर क्विंटलभर कापसातून रुई साधारण तिसरा हिस्सा निघते, बाकी सरकी.

पायरी ६: काळ इथवर कसा आला ते लिहा

आज ते २०६१ यांच्यातल्या पाच-सहा घटना तारखांसह वहीत लिहा. कथेत त्यातल्या दोनच येऊ द्या. मार्गरेट अॅटवूड यांनी ‘द हँडमेड्स टेल’ ही बायकांचे हक्क काढून घेणाऱ्या राजवटीची कादंबरी लिहिताना माणसांनी इतिहासात कुठं ना कुठं केलेलंच वापरायचं, असा नियम पाळला होता. तुम्हीही पाळा. त्या कादंबरीत बायकांची बँकखाती एका दिवसात बंद होतात. असा एखादा दिवस तुमच्या कथेतही असू द्या: मशीनवर पहिल्यांदा ‘अपात्र’ उमटलं तो दिवस.

आधीचं आठवणारं एक म्हातारं माणूस कथेत ठेवा. मात्र त्याला भाषण देऊ नका. जुनं बी कसं ओळखायचं, राखेत कसं ठेवायचं, एवढंच त्याला ठाऊक असलं तरी पुरे.

पायरी ७: भाषा

निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं तरी बोलणं गावाचं असू द्या. यवतमाळकडची बाई ‘मला का नाही दिलं?’ असं विचारणार नाही.

‘काहून जी, आमचं बी काहून नाही जागवून देत?’
‘अंगठा नाही लागून राह्यला ना बाई. म्या काय करू?’
‘बोटं घासली वेचणीनं. मले वळखत नाही का तुमी?’
‘मी वळखतो. मशीन नाही वळखत.’

पूर्वेकडे गेलात तर झाडीबोली आहे, तिचा बाज वेगळा. ज्या भागाची बोली कानात नाही, त्या भागात कथा घडवू नका. वऱ्हाडी फक्त गड्याच्या, विनोदी पात्राच्या तोंडी घालायची जुनी सवय सोडा. २०६१ चा तहसीलदारही वऱ्हाडी बोलेल, शास्त्रज्ञ मुलगीही.

नवे शब्द पाचपेक्षा जास्त नकोत आणि ते वापरातल्या शब्दांतून काढा. ‘बी जागवणे’, ‘ठसाघर’, ‘पाणपास’ हे ऐकल्याबरोबर कळतात. संस्कृतातून घडवलेली लांबलचक खात्यांची नावं सरकारी फलकावर शोभतील, माणसांच्या तोंडी नाही. लोक त्यांचंही दोन अक्षरी करतील, ते तुम्हीच आधी करून टाका.

पायरी ८: एक दिवस, एक फट

आता लिहायला बसा. कथा पहाटे सुरू करा आणि शक्यतो चोवीस तासांत संपवा. तीन हजार शब्दांत तीन पिढ्यांचा पसारा मावत नाही. पहिल्या दोनशे शब्दांत वाचकाला वेगळा नियम हातातल्या कामातून दिसला पाहिजे: भारे बांधताना, रांगेत उभं असताना, कुंपणाच्या झटका मशीनच्या तारेखालून वाकून जाताना. ‘त्या काळी असा कायदा होता’ या वाक्यानं सुरुवात झाली असेल तर तो परिच्छेद काढून टाका.

फट म्हणजे नियम मोडणारी एक लहान कृती. बाईनं मूठभर सरकी पदरात ठेवली, एवढीच. नायकानं एकट्यानं राजवट उलथवणं ही नवख्या कथांमधली सगळ्यात मोठी चूक आहे. तीन पिढ्यांनी उभी केलेली व्यवस्था दोन पानांत पडली, तर ती भक्कम होती यावर वाचक मागाहूनही विश्वास ठेवत नाही. शेवट करताना ती मूठभर सरकी कुठं पोचली, एवढं सांगितलं तरी कथा पुरी होते. अॅटवूड यांनी कादंबरीच्या शेवटी २१९५ सालच्या अभ्यासकांची परिषद ठेवली आहे. म्हणजे ती राजवट केव्हातरी संपली, हे न सांगता कळतं. तुम्हाला जुन्या ग्रामसभेच्या ठरावाची एक प्रत, एखादी फेरफार नोंद असं काही शेवटी जोडता येईल. अर्धं पान, जास्त नाही.

पायरी ९: वाचून घ्या, दुरुस्त करा, पाठवा

पहिला खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा. नंतर तीन माणसांना मोठ्यानं वाचून दाखवा: एक शेती करणारं, एक विज्ञान शिकवणारं आणि एक अजिबात पुस्तकं न वाचणारं. ‘आवडली का?’ विचारू नका. ‘हे बी का उगवलं नाही?’ विचारा. तिघांपैकी दोघांना सांगता आलं नाही तर पायरी दोनवर परत जा, दोष तिथं आहे. ऐकणारा मधेच ‘पण असं झालं तर?’ म्हणाला तर तो प्रश्न लिहून घ्या. तुम्ही पायरी तीनमध्ये तो विचारायला विसरला होता.

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची माती होते आणि संपादक ती वाचत बसत नाही. मोबाइलवर बोलून लिहिलंत तर वऱ्हाडी संवाद मशीन परस्पर प्रमाण मराठीत बदलतं. ते हातानं पुन्हा तपासा.

दिवाळी अंकांसाठी कथा उन्हाळ्यातच पाठवायला हवी, गणपतीनंतर पाठवलेली बहुतेक उशिरा पडते. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा हीही वाट आहे. नारळीकरांची ‘कृष्णविवर’ १९७४ मध्ये तिथंच पहिली आली. ती त्यांनी नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती, म्हणजे परीक्षकांपुढं फक्त कथा होती. झाडीपट्टीत असाल तर आणखी एक दार उघडं आहे. वडशाच्या नाट्यमंडळ्या दिवाळीपासून गावोगाव रात्रभर नाटकं करतात आणि नव्या संहिता त्यांना लागतात. तिथं नेताना ठसाघराचा एकच मोठा प्रवेश, चार गाणी आणि आजीचं गाडगं एवढ्यावर नाटक उभं करा. निवेदनातलं सगळं संवादात यावं लागेल, म्हणून पायरी तीनची वही जपून ठेवा.